पसरणीचा घाट आणि अकरा सायकली

मुलांनो, आधी एक कोडं घालतो. अकरा जण सायकली घेऊन एकत्र निघाले आहेत. कुणाची सायकल एकवीस गिअरची, कुणाची सहा गिअरची, तर एकीची अजिबात गिअर नसलेली. कुणी दणकट, कुणी काडीपैलवान. तर सांगा पाहू, या घोळक्याचा वेग किती?

“सोप्पं आहे! सगळ्यांचे वेग मिळवायचे आणि अकराने भागायचं!” असं तुम्ही म्हणाल. गणिताच्या पेपरात चालेल ते. घाटात नाही चालत! घाटातलं उत्तर वेगळं असतं. ते मला कुठे सापडलं, त्याचीच ही गोष्ट.

गेल्या डिसेंबरात आम्ही अकरा जण सातारा जिल्ह्यातल्या वाईहून निघालो. नऊ मुलं-मुली, सगळी आठवी ते दहावीतली. दहावा एक कॉलेजात जाणारा दादा आणि अकरावा मी, म्हणजे सगळ्यांचा काका. जायचं होतं पसरणीचा घाट चढून पाचगणीला आणि तिथून पुढे भिलारला. मुलांची नावं मात्र मी सांगणार नाही हं! “काका, गोष्ट लिहा, पण आमची नावं घालायची नाहीत,” अशी अटच पडली आहे. म्हणून आपण त्यांना त्यांच्या सायकलींवरूनच ओळखू या.

इंजिन आणि गार्डाचा डबा

वाई म्हणजे कृष्णाकाठचं गाव. ढोल्या गणपतीचं आणि घाटांचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचं प्रचंड काम झालं, तेही इथेच. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आणि आम्ही निघालो होतो ते भिलार म्हणजे पुस्तकांचं गाव! कोशाच्या गावातून पुस्तकांच्या गावाला. मधे फक्त एक घाट. ‘फक्त’ हा शब्द मी त्या दिवशी सकाळीच वापरला, नंतर नाही वापरला!

पहाटे उठून पोहे झाले. सगळ्यांनी खाल्ले, एकाने सोडून. हा आमचा लाल सायकलवाला. दहावीतला, उंचापुरा, सायकल एकवीस गिअरची. “मला सकाळी भूक नसते, काका. चहा पुरे.” मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. ही माझी पहिली चूक.

निघण्याआधी मी अकराही सायकली तपासल्या. हवा पाहिली, चेनला तेल घातलं, ब्रेक दाबून पाहिले. त्यात एक होती जुनी काळी लेडीज सायकल, सळीच्या ब्रेकची. आठवीतली एक मुलगी ती घेऊन आली होती. ती तिच्या आईची सायकल. आई शाळेत जायची तेव्हापासूनची! गिअर नाहीत, पण घंटी अशी खणखणीत की सगळी वाई जागी व्हावी. तिचेही ब्रेक मी दाबून पाहिले. लागत होते. वाकून मात्र पाहिलं नाही. ही माझी दुसरी चूक. तिची फळं दुपारी मिळाली.

चांगलं उजाडल्यावरच, पावणेसातला सायकली रस्त्यावर आणल्या. सगळ्यांत पुढे मी, म्हणजे इंजिन. सगळ्यांत मागे दादा, तो गार्डाचा डबा. त्याच्यामागे सामानाचा टेम्पो. नियम तीनच. इंजिनाच्या पुढे कुणी जायचं नाही. गार्डाच्या मागे कुणी राहायचं नाही. आणि सगळ्यांनी डाव्या कडेने एकामागे एक चालायचं, शेजारी शेजारी गप्पा मारत नाही. मागून गाडी आली की गार्ड ओरडणार “गाडी!” आणि ती हाक डब्याडब्याने पुढे इंजिनापर्यंत यायची. पुढे खड्डा दिसला की इंजिन ओरडणार “खड्डा!” आणि ती हाक मागे जायची.

जवळजवळ आठ कुतुबमिनार

वाईहून पसरणी गावापर्यंतचा रस्ता सोपा. ज्यांच्या आवाजातलं महाराष्ट्रगीत तुम्ही शाळेत ऐकलं असेल, त्या शाहीर साबळ्यांचं हे गाव. गाव मागे पडलं की रस्ता मान वर करतो, आणि मग पाचगणी येईपर्यंत काही ती खाली घालत नाही.

किती चढायचं होतं, हिशोब करू या का? वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटर उंच. पाचगणी साधारण १,२९० मीटर. म्हणजे ५७० मीटर वर जायचं. दिल्लीचा कुतुबमिनार आहे सुमारे ७३ मीटरांचा. एकावर एक जवळजवळ आठ कुतुबमिनार! आणि हे सगळं साधारण बारा किलोमीटरांत. शंभर मीटर पुढे गेलं की जवळजवळ पाच मीटर वर.

आता पाहा, गिअरची गंमत काय असते. साध्या सायकलीच्या पुढच्या दातेरी चाकाला समजा ४४ दाते आहेत आणि मागच्याला १८. पायडल एकदा पूर्ण फिरवलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल सव्वापाच-साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर झकास! पण या चढावर तेवढ्यात तुम्ही पाव मीटर वरही चढता. गिअरच्या सायकलीत पुढे २८ आणि मागेही २८ दाते घेता येतात. मग पायडलच्या एका फेरीत चाकही एकदाच फिरतं आणि तुम्ही जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर वर जाता. थोडक्यात, जिना चढायचा तोच. एक जण एकेक पायरी चढतो, दुसऱ्याला मात्र दोन-दोन पायऱ्या ओलांडत जावं लागतं. आमच्या काळ्या सायकलवालीला सगळा घाट दोन-दोन पायऱ्यांनी चढायचा होता!

ती काय करत होती, सांगू? जमेल तेवढं चालवायची. दम लागला की गार्डदादाला “उतरतेय!” असं सांगून डाव्या बाजूला उतरायची. शंभर पावलं सायकल हातात धरून चालायची, मोजून. मग पुन्हा वर बसायची. डावीकडच्या वळणावर तर ती आधीच उतरायची. कारण घाटातल्या वळणावर आतली बाजू जास्त खडी असते, आणि आपण डावीकडून जातो म्हणजे डाव्या वळणावर आतूनच जातो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या पायांनीच तिला सांगितलं.

एकाने मधेच रस्ताभर नागमोडी चालवायला सुरुवात केली. नागमोडी गेलं की चढ कमी लागतो, हे खरं. पण त्या घाटातून एसटी जाते, ट्रक जातात, पर्यटकांच्या गाड्या जातात. मी त्याला तिथेच थांबवलं. चालायची लाज नाही, नागमोडीला परवानगी नाही!

चढावर वारा लपवत नाही

तुम्ही टीव्हीवर सायकलच्या शर्यती पाहिल्या असतील. शर्यतवाले एकमेकांच्या मागे चिकटून का जातात? पुढचा माणूस वारा अंगावर घेतो आणि मागच्याचे कष्ट वाचतात. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून जोरात जाताना हा फायदा फार मोठा. (तुम्ही मात्र असं चिकटून जायचं नाही. त्याला वर्षांनुवर्षांचा सराव लागतो.) पण घाटात आमचा वेग होता ताशी पाच-सहा किलोमीटर. तेवढ्या वेगाला हवा अडवतच नाही, मग पुढचा मागच्याला वाचवणार कसा? तिथे तुमची लढाई असते ती वजनाशी, आणि तुमचं वजन दुसरा कुणी उचलू शकत नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, ते उगीच नाही.

मग घोळक्याने जायचा उपयोग काय? हाच प्रश्न लाल सायकलवाल्याने मला विचारला. “काका, प्रत्येकाने आपलाच घाट चढायचा, तर मी पुढे गेलो म्हणून काय बिघडलं? वर जाऊन थांबतो की!”

मी नियम दाखवला. तो गप्प झाला, पण त्याचं तोंड काही सरळ झालं नाही. पुढच्या वळणावर मी पाणी प्यायला थांबलो, तेवढ्यात हा पठ्ठ्या सुटला! हाका मारल्या, पण ऐकतो कोण?

पोहे नाकारलेला वीर

आम्ही आमच्या चालीने वर चढत राहिलो. खाली वाई लहान लहान होत गेली. धोम धरणाचं पाणी उन्हात चकाकायला लागलं. पलीकडे पांडवगड दिसत होता. कठड्यावर माकडं बसून आमची मजा पाहत होती.

तीन-चार वळणांनंतर लाल सायकल दिसली. कठड्याला टेकवलेली. आणि शेजारी आमचा वीर, दोन्ही हातांत डोकं धरून! चेहरा पांढराफटक, हात थरथरताहेत, अंगाला गार घाम. “काका, काही झालं नाही, तुम्ही जा,” असं म्हणाला, तेही चिडून.

घाबरू नका, तो आजारी नव्हता. त्याची टाकी रिकामी झाली होती. पुन्हा थोडा हिशोब करू. मुलाचं वजन ५० किलो आणि सायकलीचं १५, असं ६५ किलो ओझं ५७० मीटर वर न्यायला साधारण ८७ कॅलरी एवढं काम करावं लागतं. पण आपलं शरीर हे काही फार काटकसरी यंत्र नाही. अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग पायडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून तर चढावर डिसेंबरातसुद्धा घाम येतो! म्हणजे लागणार साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. साधारण साडेतीन केळी समजा. आणि याच्या पोटात काय? एक कप चहा. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर त्याने जोर लावून घाईघाईने संपवली. नवीन काही घातलंच नव्हतं.

त्याला सावलीत बसवला. तेवढ्यात घंटी वाजली, खणखण! काळी सायकलवाली येऊन पोचली. ती थांबली नसती तरी चाललं असतं. एवढ्या मेहनतीने चाल जमली होती तिची. पण ती उतरली, खिशातून शेंगदाण्याच्या चिक्कीची पुडी काढली आणि त्याच्या हातात दिली. “हळूहळू खा. मग पाणी पी. मी माझी शंभर पावलं इथेच मोजते.” आणि ती खरंच तिथल्या तिथे फेऱ्या मारत पावलं मोजायला लागली! सगळे हसले. मग तोही हसला.

मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, चिक्की, दोन केळी आणि वीस मिनिटं विश्रांती, एवढ्यावर गडी उठला. पुन्हा पुढे जायची भाषा मात्र केली नाही. गार्डाच्या डब्यापुढे, काळ्या सायकलीच्या मागे लागला. तिने “उतरतेय!” म्हटलं की हाही उतरायचा, आणि तिच्याबरोबर पावलं मोजायचा.

साडेनऊला आम्ही दांडेघरला पोचलो. घाट संपला होता. बारा किलोमीटरांना पावणेतीन तास! हसू नका. अकरापैकी अकरा वर आले होते आणि टेम्पोत कुणीच बसलं नव्हतं.

पुस्तकांचं गाव

पाचगणीत चहा आणि गरम वडे झाले. मग महाबळेश्वरच्या रस्त्याने जाऊन भिलारच्या फाट्याला वळलो. भिलार म्हणजे स्ट्रॉबेरीचं गाव. पण २०१७ साली ते पुस्तकांचं गाव झालं. ब्रिटनमध्ये वेल्सच्या सीमेवर हे-ऑन-वाय नावाचं पुस्तकांचं गाव आहे, तिथून ही कल्पना आली. भिलारमध्ये लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या, ओसऱ्या पुस्तकांसाठी दिल्या. एका घरात कथा-कादंबऱ्या, दुसऱ्यात कविता, कुठे इतिहास, कुठे खास मुलांची पुस्तकं. आत जायचं, हवं ते पुस्तक घ्यायचं आणि बसून वाचायचं. पैसे पडत नाहीत.

जेवणं झाल्यावर दोन तास आमचा एक आवाज नाही! काहींचं वाचन चालू होतं, काहींची पुस्तक छातीवर ठेवून झोप. तुम्हीही तिथे जाच. आई-बाबांबरोबर गाडीने गेलात तरी चालेल. पुस्तकं तीच आहेत. झोप मात्र आमच्याएवढी गाढ लागणार नाही!

एक लिटर उकळतं पाणी

अडीच वाजता परतीची तयारी. “आता काय, उतारच उतार! पायडलसुद्धा मारायला नको,” असा एकच गलका झाला. मी सगळ्यांना बसवलं आणि सकाळचाच हिशोब पुन्हा मांडला.

वर चढताना आपण जी ऊर्जा खर्च केली ती कुठे गेली? ती आपल्या उंचीत साठली. उतरताना ती परत मिळते, म्हणून सायकल आपोआप पळते. पण खाली पोचून थांबायचं, तर ती सगळी कुठेतरी जिरवायला हवी. काही वारा खातो, बाकीची ब्रेकने खायची. ब्रेक ती ऊर्जा घासून घासून उष्णतेत बदलतो. ती उष्णता किती? सगळी एकत्र केली तर गार पाण्याची एक लिटरची बाटली उकळायला लागेल एवढी! हे सगळं काम करायचं बोटाएवढ्या रबराच्या तुकड्यांनी.

“म्हणून आता प्रत्येकाने आपल्या ब्रेकचं रबर वाकून पाहायचं,” मी म्हटलं. आणि मीही वाकलो. काळ्या सायकलीच्या मागच्या ब्रेकचं रबर झिजून संपलेलं! आतलं लोखंड रिमला लागायच्या बेतात. सकाळी मी नुसतं दाबून पाहिलं होतं ना? चढावर ब्रेक लागतच नाही, म्हणून दिवसभर कळलंच नाही.

ज्या मुलीने बिनगिअरच्या सायकलीने सगळा घाट चढला, तिला मला सांगावं लागलं, “बाळ, तुझी सायकल टेम्पोत.”

ती काही बोलली नाही. खाली बघत राहिली. लाल सायकलवाला पुढे आला. “काका, ती माझी सायकल घेऊ दे. मी बसतो टेम्पोत.” मला बरं वाटलं, पण मी नाही म्हटलं. ती सायकल तिला उंच होती, आणि तिचे ब्रेक तिच्या हाताच्या सवयीचे नव्हते. अनोळखी सायकल घाटाच्या उतारावर पहिल्यांदा चालवायची नसते. “माझी चूक आहे, तुझी नाही,” एवढंच मी तिला सांगू शकलो. पाचगणीत एका दुकानात विचारलं, पण सळीच्या जुन्या ब्रेकचं रबर मिळालं नाही.

टेम्पोत काळी सायकल चढली. मागोमाग लाल सायकलही चढली! “सकाळी ती माझ्यासाठी थांबली होती,” एवढं बोलून तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

आम्ही नऊ जण उतरलो. दोन सायकलींत सात-आठ सायकलींचं अंतर. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, थांबून थांबून. वळणाआधीच वेग कमी, वळणावर नाही. अर्ध्या वाटेत एकदा थांबून रिमला बोट लावून पाहिलं, चांगलीच गरम! लगेच सगळ्यांनी विश्रांती घेतली.

टेम्पो थांबला

घाट उतरून खाली आलो. पाहतो तर रस्त्याकडेला टेम्पो उभा. पंक्चर काढणारे एक आजोबा पत्र्याच्या डब्यात हात घालून काहीतरी शोधत होते आणि आमची दोन मंडळी त्या डब्यात डोकं घालून बसलेली. स्क्रू, छर्रे, वॉल्व, जुने नट... आणि सळीच्या ब्रेकच्या रबराची जोडी! दहा मिनिटांत काम झालं. या वेळी मी वाकून पाहिलं, दाबून पाहिलं आणि सायकल ढकलूनही पाहिली.

मग नियम तेवढा बदलला. वाईपर्यंत इंजिन ती झाली. तिच्यामागे आम्ही दहा. घंटी वाजवत वाजवत आम्ही अंधार पडायच्या आत वाईत शिरलो.

तर मुलांनो, आलं का कोड्याचं उत्तर? घोळक्याचा वेग म्हणजे शेवटच्या सायकलीचा वेग. आणि शेवटची सायकल कोणती, हे सकाळी निघताना कुणालाच ठाऊक नसतं! सकाळी वाटलं होतं काळी. मग ती लाल निघाली. दुपारी पुन्हा काळी. आणि खरं सांगायचं तर वाकून न पाहणारा काकाच त्या दिवशी सगळ्यांच्या मागे होता.

निघण्यापूर्वी (आई-बाबांनीही वाचावं!)

• पहिल्यांदाच घाट निवडू नका. आधी महिनाभर सपाट रस्त्यावर, मग लहान टेकडीवर सराव करा.

• मोठी माणसं किमान दोन हवीत. एक सगळ्यांत पुढे, एक सगळ्यांत मागे. शक्य असेल तर मागे गाडी ठेवा.

• हेल्मेट डोक्यावरच, हँडलला लटकवलेलं नाही! कपडे लांबून दिसतील अशा रंगाचे.

• ब्रेकचं रबर, केबल किंवा सळी, टायर, चेन हे सगळं निघण्याच्या आदल्या दिवशी पाहा. वाकून पाहा.

• पोटभर न्याहारी. खिशात चिक्की, गूळ-शेंगदाणे, केळी. पाणी तहान लागायची वाट न पाहता घोटघोट.

• उजाडल्यावर निघा, अंधारापूर्वी परत या. सुट्टीच्या दिवशी घाटात गर्दी असते, ते दिवस टाळा.

• आणि कुणी “थांबा” म्हटलं, तर का म्हणून विचारू नका. आधी थांबा.